तेवीस माणसांची खोली

एका खोलीत कुठलीही तेवीस माणसं गोळा केली, तर त्यांतल्या कुणा ना कुणा दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्तच असते. कॉलेजात गणित शिकवताना हे वाक्य मी वर्षानुवर्षं म्हणत आलोय आणि दर वेळी माझ्या स्वतःच्याच अंगावर काटा येतो. मुलांच्या येत नाही. मुलं जांभया देतात. पण वर्षाचे दिवस तीनशे पासष्ट, माणसं फक्त तेवीस, आणि तरी जोडी जुळते, हे ऐकून ज्याला काहीच वाटत नाही त्या माणसाबद्दल मला जरा शंकाच येते.

आता अशी शंका बायकोबद्दल घेता येत नाही. मी तिला हे सांगितलं तेव्हा ती कपाट आवरत होती.

"तेवीस माणसं बसवायची कुठे?" ती म्हणाली. "चार पाहुणे आले तर तुम्ही गॅलरीत जाऊन बसता."

"अगं, खरी नाहीत. समजा."

"समजले. आणि जुळला वाढदिवस, तर पुढे काय होतं?"

पुढे काय होतं! असा प्रश्न विचारणाऱ्या माणसाला काय सांगायचं? पुढे काहीच होत नाही. जुळतो हेच केवढं तरी आहे. पण हे बोलायला मी तोंड उघडलं तेवढ्यात तिनं माझ्या हातात तीन उशा दिल्या, आणि उशा छातीशी धरून माणूस गणिताची थोरवी सांगू शकत नाही.

हा सगळा विषय निघाला तो प्राचार्यांमुळे. आमचे प्राचार्य मूळचे रसायनशास्त्राचे. नळीतला रंग बदलला की खरं, नाही बदलला की खोटं, एवढा साधा त्यांचा जगाचा हिशोब. त्यांनी मला आणि कॉम्प्युटरच्या मॅडमना बोलावलं आणि म्हणाले, "प्रात्यक्षिकांच्या नव्या पुस्तकात तुम्ही दोघांनी मिळून एक स्वाध्याय द्यायचा. गणितही हवं, प्रोग्रॅमही हवा. जमला, तर संभाव्यता अभ्यासक्रमात राहील. नाही जमला, तर तो तास संवादकौशल्याला देऊन टाकू."

संवादकौशल्य म्हणजे माणसांनी एकमेकांशी बोलावं कसं, याचा तास. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण बीजगणित शिकवून घरी येताना मी भाजीचा विचार करतो आणि संभाव्यता शिकवून येताना भाजी विसरतो. तोच एक तास माझा होता. तो गेला असता तर नोकरी राहिली असती, पगार राहिला असता, पण कॉलेजला जायचं कशाला, हे मला सांगता आलं नसतं.

मी दोन दिवस खपून स्वाध्याय लिहिला आणि मॅडमच्या टेबलावर ठेवला. मॅडम माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान. बोलणं असं की समोरच्याला आपण उगाच जन्मलो असं वाटावं, पण मनानं फार चांगल्या. त्यांनी पहिलं पान वाचलं, उलटलं, दुसरं वाचलं.

"सर, प्रश्न कुठे आहे?"

"येतोय. आधी थोडी पार्श्वभूमी."

"सर, यात माणसाच्या जन्माचं कुतूहल आहे, काळाचं चक्र आहे, आकाशातले तारेसुद्धा आहेत. प्रोग्रॅमला आत काय द्यायचं आणि बाहेर काय यायचं, तेवढं सांगा."

"आत माणसं," मी म्हणालो. "बाहेर आश्चर्य."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, पेन उचललं आणि दीड पान उभं कापलं. तारे गेले, चक्र गेलं. अपमान गिळून मी शेजारची खुर्ची ओढली, आणि मग मात्र खरी मजा सुरू झाली. माझं म्हणणं, मुलांनी सूत्र मांडावं. त्यांचं म्हणणं, सूत्र कशाला, कॉम्प्युटरला दहा हजार खोट्या खोल्या भरू देत, प्रत्येकीत तेवीस खोटी माणसं, आणि किती खोल्यांत जोडी निघते ते मोजू देत. दोन तास भांडून आम्ही दोन्ही ठेवलं. मुलांनी आधी नुसता अंदाज लिहायचा, मग सूत्रानं काढायचं, मग खोल्या भरून बघायच्या, आणि शेवटी तिन्ही उत्तरं शेजारी मांडून आपण कुठे फसलो ते सांगायचं. हा शेवटचा प्रश्न दोघांना एकदमच सुचला. अशा वेळी माणसाला भांडल्याचंही समाधान वाटतं.

पहिल्यांदा प्रोग्रॅम चालवला तर दहा हजारांपैकी दहा हजार खोल्यांत जोडी! मी उडालोच. तेवीसऐवजी पाच माणसं घातली, तरी सगळ्या खोल्यांत जोडी. दोन घातली, तरी जोडी. शेवटी मॅडमनी खोलीत एकच माणूस ठेवला. तरीही जोडी.

"एकट्याची कुणाशी जुळली?" मी विचारलं.

मॅडमनी डोळे बारीक करून पडद्याकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. प्रोग्रॅम प्रत्येकाची तारीख सगळ्यांशी ताडून बघत होता, आणि त्या सगळ्यांत तो स्वतःही होता! ज्याचा त्याचा वाढदिवस ज्याच्या त्याच्याशी चोख जुळत होता. चूक दुरुस्त केली, आणि मग आकडा आला निम्म्याहून जरासा वर. सूत्राचाही तोच. आम्ही दोघं त्या आकड्याकडे बघत राहिलो. "भारीच आहे हो," मॅडम हळूच म्हणाल्या. माझे कापलेले तारे मी त्यांना तिथल्या तिथे माफ केले.

आता यात सल्ले देणारे कमी नव्हते. आमच्या खालच्या मजल्यावरचे विमावाले काका जिन्यात भेटले आणि सगळं ऐकून म्हणाले, "जन्मतारखा कसल्या घेताय? मरणाच्या घ्या. त्याला मागणी आहे." भाषेच्या सरांनी 'वाढदिवस' काढून 'जन्मदिन' घालायला सांगितलं, दुसऱ्या दिवशी ते परत उलटं करायला सांगितलं. प्राचार्यांना त्यात काहीतरी संस्कार हवे होते. आणि मंजुरीसाठी कागद गेला रजिस्ट्रारसाहेबांकडे.

रजिस्ट्रारसाहेब म्हणजे कॉलेजच्या सगळ्या कागदांचे मालक. त्यांच्या सहीशिवाय आमच्याकडे खडूसुद्धा झिजत नाही. कागद तिसऱ्या दिवशी परत आला. वर लाल शेरा: 'खोलीत तेवीस व्यक्ती असे नमूद आहे. संगणक प्रयोगशाळेची मंजूर आसनक्षमता वीस. खुलासा करावा.'

मी धावत गेलो. "साहेब, ती माणसं खरी नाहीत. काल्पनिक आहेत."

"काल्पनिक का होईना, बसणार कुठे?"

"बसत नाहीत हो ती. नुसती असतात."

"मग उभी आहेत असं नमूद करा."

शेवटी आम्ही 'खोलीत' खोडून 'सभागृहात' केलं. कागद पुन्हा परत: सभागृहाच्या वापरासाठी वेगळा अर्ज. मॅडम म्हणाल्या, "सर, मैदानात उभी करू." मैदान क्रीडाविभागाकडे. सरतेशेवटी 'एके ठिकाणी' असं लिहिलं आणि ते ठिकाण कुठल्याच विभागाच्या ताब्यात नसल्यामुळे कागद पुढे सरकला.

पुढे म्हणजे प्राचार्यांकडे. त्यांनी वाचलं, मान हलवली आणि म्हणाले, "छान आहे. पण आम्हा रसायनवाल्यांना डोळ्यांनी दिसावं लागतं. बुधवारी स्टाफ मीटिंग आहे. आपल्यावरच प्रयोग करून दाखवा."

मी हरखून गेलो. मीटिंगला तीसेक माणसं येतात, म्हणजे शक्यता शेकडा सत्तर! मी घरी शीळ घालत गेलो. हे सत्तर म्हणजे शंभर नव्हेत, ही गोष्ट मी आयुष्यभर मुलांना बजावत आलोय आणि त्या संध्याकाळी नेमका मीच विसरलो.

बुधवारी सभागृहात मॅडम लॅपटॉप घेऊन बसल्या. मी उभा राहून प्रत्येकाला दिवस आणि महिना विचारत गेलो. वर्ष नको, असं तीनदा सांगूनही काही जणांनी वर्ष सांगितलं आणि त्यावर चर्चा झाली. रजिस्ट्रारसाहेब पहिल्या रांगेत. ते जरा थांबले, मागे एक नजर टाकली आणि म्हणाले, "तीन मार्च." मॅडमनी टाकलं. पुढे, पुढे, आणखी पुढे. सगळ्यांत मागे खिडकीशी आमचे ग्रंथपाल बसले होते. हे शांत गृहस्थ, पुस्तकं सोडून कुणाशी फारसं बोलत नाहीत. रजिस्ट्रारसाहेबांशी तर मुळीच नाही. दोघांचं बोलणं बंद आहे हे कॉलेजात सगळ्यांना माहीत, का बंद आहे ते कुणालाच माहीत नाही.

"तुमची तारीख, साहेब?"

"माझं धरू नका," ग्रंथपाल म्हणाले. "मी वाढदिवस मानत नाही."

धरलं नाही. तीस जण झाले. मॅडमनी बटण दाबलं. सगळे पुढे वाकले. पडद्यावर अक्षरं आली: जोडी नाही.

कुणीतरी मागून "अरेरे" म्हणालं. त्या 'अरेरे'मध्ये जी दया होती ती मी जन्मात विसरणार नाही.

"रंग काही बदलला नाही," प्राचार्य म्हणाले.

"सर, शेकडा सत्तर म्हणजे दहांत तीनदा जुळतच नाही," मी घाम पुसत म्हणालो. "हे न जुळणंसुद्धा गणितात बसतं."

"म्हणजे जुळलं तरी तुम्ही बरोबर, नाही जुळलं तरी तुम्हीच बरोबर?" भाषेचे सर म्हणाले. "असं आम्हाला असतं तर!"

सगळे हसले. मीही हसलो, कारण त्या क्षणी दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. प्राचार्य मात्र सज्जन माणूस. म्हणाले, "प्रयोग फसला तर पुन्हा करतात. पुढच्या बुधवारी परत करा. तेव्हाही नाही जुळलं, तर मग संवादकौशल्य."

"पण सर, त्याच माणसांचे वाढदिवस पुढच्या बुधवारपर्यंत बदलणार नाह..."

मॅडमनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. "चालेल सर," त्या म्हणाल्या. "पुढच्या बुधवारी."

बाहेर आल्यावर आम्ही गणित मांडलं. मीटिंगला नसलेले दोघे होते, एक प्रयोगशाळेतले आणि एक क्रीडाशिक्षक. तिसरे ग्रंथपाल, कबूल झाले तर. या तिघांपैकी कुणाची तरी तारीख कुणाशी तरी जुळायला हवी. शक्यता चारांत एक, तीही जेमतेम. माझी सगळी वर्षं त्या चारांतल्या एकावर लटकली होती.

मी ग्रंथालयात गेलो. ग्रंथपाल पुस्तकांना कव्हरं घालत होते. मी हात जोडले. "साहेब, वाढदिवस मानू नका, पण सांगा तरी. माझ्या तासाचा प्रश्न आहे."

"मी सांगून तुमचं काम होणार नाही, सर."

"का?"

त्यांनी कव्हराची घडी नखानं दाबली. बराच वेळ दाबली. "कारण ज्याच्याशी जुळायचं त्यानं खोटी तारीख सांगितली."

मी खाली बसलो. स्टूल होतं म्हणून बरं.

"त्याचा वाढदिवस सतरा ऑक्टोबर. माझाही," ग्रंथपाल म्हणाले. "एकाच दिवशी नोकरीला लागलो आम्ही, एका खोलीत राहायचो. त्यावरूनच तर दोस्ती झाली. दर वर्षी एक केक, दोन मेणबत्त्या. मग तो झाला रजिस्ट्रार. पहिल्याच वर्षी सतरा ऑक्टोबरला मला यायला अर्धा तास उशीर झाला, तर त्यानं लेखी ताकीद दिली. केकच आणायला गेलो होतो मी. दोघांचा."

"मग तुम्ही त्यांना सांगितलं नाहीत?"

"मी का सांगू? त्यानं विचारावं ना!"

खरं सांगू? मला त्या माणसाचं वाईट वाटायला हवं होतं आणि वाटलंही. पण त्याच्या आधी, अगदी क्षणभर आधी, मनात आलं ते असं: म्हणजे जोडी होती! सभागृहात जोडी होती, गणित बरोबर होतं, आणि या दोघांच्या हट्टापायी माझी शोभा झाली! आता करायचं काय? प्राचार्यांना जाऊन सांगायचं? म्हणजे रजिस्ट्रारसाहेबांना भर स्टाफमध्ये खोटं पाडायचं. जन्मतारखांची कागदपत्रं त्यांच्याच कपाटात, किल्ली त्यांच्याच खिशात. आणि समजा, पाडलंच खोटं, तर माझा तास वाचेल, पण ग्रंथपालांनी विश्वासानं सांगितलेलं मी चव्हाट्यावर मांडलं असं होईल.

मी आडवळणानं जायचं ठरवलं. आडवळण मला जमत नाही, हे बायको लग्नापासून सांगते आहे. रजिस्ट्रारसाहेबांच्या केबिनमध्ये जाऊन मी हवापाण्यावर बोललो, खुर्च्यांवर बोललो, आणि मग म्हणालो, "साहेब, माणसाकडून कधीकधी तारीख सांगताना चूक होते, नाही?"

त्यांनी चष्मा काढला. "माझ्या जन्मतारखेवर अविश्वास दाखवताय?"

"छे छे! ऑक्टोबरमध्ये हवा छान असते, एवढंच म्हणत होतो."

ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "एक शब्द बोलला असता तो, 'केक आणायला गेलो होतो' एवढंच, तर ती ताकीद मी तिथल्या तिथे फाडली असती. मला संध्याकाळी शिपायाकडून कळलं. तोपर्यंत नोंद झाली होती." आणि चष्मा लावून पुन्हा रजिस्ट्रार झाले. "माझा वाढदिवस तीन मार्च आहे. या तुम्ही."

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. तिनं हातातलं काम बाजूला ठेवलं, हे विशेष. "दोन्ही वेडे," ती म्हणाली. "एकानं विचारायचं नाही आणि दुसऱ्यानं सांगायचं नाही. तुम्ही मध्ये पडू नका."

पडणार कसा? पडायला जागाच ठेवली नव्हती त्यांनी.

दुसरा बुधवार उजाडला. मॅडमनी मला ऐकवलं, "सर, आज चेहरा तरी जरा बरा ठेवा." मी ठेवला. मागच्या तीस जणांना पुन्हा विचारण्यात अर्थ नव्हता, पण प्राचार्यांचा आग्रह, की प्रयोग पहिल्यापासून. पुन्हा सगळे दिवस, सगळे महिने, पुन्हा कुणाचं तरी वर्ष. रजिस्ट्रारसाहेब ठासून म्हणाले, "तीन मार्च." प्रयोगशाळेतले: मेचा शेवट, नाही जुळला. क्रीडाशिक्षक: डिसेंबर, एका दिवसानं हुकला. प्राचार्य घड्याळ बघायला लागले.

"आणि तुम्ही?" मी खिडकीकडे वळून विचारलं. विचारायचं म्हणून विचारलं. सतरा ऑक्टोबर म्हणाले तरी जुळणार नव्हतं, आणि नाही म्हणाले तरी मी त्यांना दोष देणार नव्हतो.

ग्रंथपाल उभे राहिले. त्यांना सभेत उभं राहिलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

"तीन मार्च," ते म्हणाले.

मॅडमची बोटं थांबली. मग त्यांनी टाकलं, बटण दाबलं, आणि पडद्यावर अक्षरं आली: जोडी सापडली. सभागृहात टाळ्या! क्रीडाशिक्षकांनी शिटी वाजवली. प्राचार्य तर खुर्चीतून उठलेच. "बदलला! रंग बदलला!" ते ओरडले. "अहो, तुमच्या दोघांचा वाढदिवस एकच, आणि आम्हाला पत्ताच नाही!"

मी मात्र दगडासारखा उभा. खोट्याला खोटं जुळवून माझा तास वाचवला होता त्या माणसानं. माझ्यासाठी की आणखी कशासाठी, ते मला कळेना.

रजिस्ट्रारसाहेब उठले. हातात माझीच फाइल होती, शेवटच्या सहीसाठी त्यांच्याकडे परत आलेली. खुर्च्यांच्या मधून ते सरळ मागे गेले, खिडकीपर्यंत. टाळ्या हळूहळू थांबल्या, कारण बोलणं बंद आहे हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

"तुझा वाढदिवस तीन मार्चला नाही," ते म्हणाले.

"तुझा तरी कुठे आहे?" ग्रंथपाल म्हणाले.

संपलं. प्राचार्य कधी यांच्याकडे, कधी माझ्याकडे बघायला लागले. "म्हणजे? मग जोडी नाही?"

रजिस्ट्रारसाहेबांनी खिशातून पेन काढलं. फाइल खिडकीच्या कठड्यावर ठेवली, आणि माझ्या स्वाध्यायाच्या खाली सही केली.

"जोडी आहे," ते म्हणाले. "तारीख चुकली आहे. शुद्धिपत्रक काढतो."

ग्रंथपाल खिडकीकडे तोंड करून उभे राहिले आणि रुमाल शोधायला लागले. मला इतकं भरून आलं की मी आपला खडू उचलून उगाच फळा बघत बसलो. फक्त मॅडम जागेवर होत्या. त्यांनी कीबोर्डवर बोटं ठेवली आणि विचारलं, "मग नक्की तारीख काय टाकू?"

दोघं एकदमच बोलले.